कपाळावरची पट्टी नक्की काय बघते?

विचारलेलं थोडक्यात असं: चार महिन्यांच्या बाळाच्या हृदयात जन्मतः दोष आहे, ओठ आणि नखं निळसर दिसतात, ऑपरेशन ठरलं आहे. भूलतज्ज्ञांनी सांगितलं, की कपाळावर आणि कमरेच्या बाजूला चिकटपट्टीसारखे सेन्सर लावून मेंदूतला आणि शरीरातला ऑक्सिजन ऑपरेशनभर बघत राहणार, तेही सुई न टोचता. आईवडिलांना चार गोष्टी कळायला हव्या आहेत. बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर असताना हे वेगळं कशाला? रक्त न काढता मेंदूतलं कळतं कसं? आकडा खाली गेला म्हणजे मेंदूला इजा झाली का? आणि जिथे हे यंत्र नाही तिथे ऑपरेशन करूच नये का?

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांना भूल देण्यात माझी वीसहून जास्त वर्षं गेली. पहिली काही वर्षं हे यंत्र आमच्याकडे नव्हतं. मग आलं, आणि आता ते नसलं की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. तरी त्याच्याबद्दल भाबडेपणानं बोलायचं नाही, हे ठरवूनच लिहिते आहे.

आधी बोटावरचा चिमटा. बोटातून प्रकाश आरपार सोडला की तो कातडी, हाड, शिरांमधलं रक्त, धमन्यांमधलं रक्त असं सगळंच शोषून घेतं. यातलं धमनीचं रक्त वेगळं कसं काढायचं? जपानमधल्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याची युक्ती शोधली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जे कमीजास्त होतं ते धमनीचं रक्त, बाकीचं सगळं स्थिर. स्थिर तेवढं वजा करून टाकायचं. आज जगभर वापरला जाणारा पल्स ऑक्सिमीटर याच युक्तीवर चालतो. नावातच ‘पल्स’ आहे. नाडी असेल तरच तो चालतो.

आणि हृदयाच्या ऑपरेशनमध्ये नेमकी नाडीच थांबते. बाळाला बायपासवर घेतलं, आमच्या भाषेत ‘पंपावर घेतलं’, की हृदय आणि फुफ्फुसांचं काम यंत्र करतं. पंपातून येणारा प्रवाह बहुतेक वेळा सलग असतो, ठोके नसतात. मॉनिटरवरची नाडीची लाट सपाट होते आणि ऑक्सिमीटर एकतर रेघ दाखवतो किंवा भलताच काहीतरी आकडा. शिवाय बाळाचं अंग थंड केलेलं असतं, त्यामुळे बोटांकडचं रक्त आधीच आटलेलं. म्हणजे बाळाचा जीव जेव्हा पूर्णपणे आमच्या हातात असतो, त्याच तास-दोन तासांत बोटावरचा चिमटा आंधळा होतो.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. नाडी असतानाही हा चिमटा इतकंच सांगतो, की धमनीतल्या रक्तावर किती ऑक्सिजन चढलेला आहे. तो मेंदूपर्यंत पोचला का, पुरला का, हे त्याला माहीत नसतं.

आता कपाळावरची पट्टी. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून बघा. बोट लालबुंद दिसतं, निळं किंवा हिरवं दिसत नाही. लाल प्रकाश मांसातून बराच आत जातो, बाकीचे रंग वाटेतच अडतात. लालच्याही पलीकडे, डोळ्याला न दिसणारा जो अवरक्त प्रकाश आहे, त्याचा ७०० ते ९५० नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा आणखी खोल जातो, हाडातूनसुद्धा. ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली दाखवून दिलं, की या प्रकाशानं कवटी न उघडता मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज घेता येतो. कारण ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन देऊन मोकळं झालेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश सारख्या प्रमाणात शोषत नाहीत. ८०० नॅनोमीटरच्या जवळ दोघांचं शोषण सारखं असतं, त्याच्या अलीकडे-पलीकडे ते वेगळं होतं. दोन-चार तरंगलांबींचा प्रकाश सोडला, किती परत आला ते मोजलं, की दोन्ही हिमोग्लोबिनचं गुणोत्तर काढता येतं. या तंत्राचं पूर्ण नाव निअर इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी. ऑपरेशन थिएटरात कुणी एवढं म्हणत बसत नाही, सगळे ‘निर्स’ म्हणतात.

पट्टीवर एका टोकाला प्रकाशाचा स्रोत असतो आणि थोड्या थोड्या अंतरावर दोन ग्राहक, म्हणजे परत आलेला प्रकाश टिपणारे. आत गेलेला प्रकाश धनुष्यासारखी कमान घेऊन परत येतो. जवळच्या ग्राहकाकडे येणारा प्रकाश मुख्यतः कातडी आणि हाडातून फिरून आलेला, लांबच्याकडे येणारा त्याहून खोल, मेंदूच्या पृष्ठभागातून जाऊन आलेला. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतो तो बराचसा मेंदूचा हिस्सा. मोठ्यांच्या जाड कवटीपेक्षा तान्ह्या बाळाची पातळ कवटी इथे फायद्याची ठरते. हे एक्स-रेसारखं काही नाही, साधा प्रकाश आहे. त्याचा बाळाला त्रास नाही.

ही पट्टी नाडी शोधत नाही, म्हणून पंपावरही तिचं काम चालू राहतं. पण नाडी न शोधण्याचा दुसरा अर्थ असा, की धमनी आणि शीर यांच्यात ती फरक करू शकत नाही. प्रकाशाच्या वाटेत जेवढं रक्त आलं तेवढं सगळं एकत्रच मोजलं जातं. मेंदूतल्या रक्तापैकी साधारण पाऊण हिस्सा शिरांकडचा, म्हणजे ऑक्सिजन देऊन परत निघालेला, आणि पाव हिस्सा धमन्यांकडचा असं ढोबळ मानानं धरतात. म्हणून पट्टीचा आकडा म्हणजे मेंदूला किती ऑक्सिजन मिळाला हे नव्हे. मेंदूनं घेतल्यावर किती उरला, याच्या जवळपास जाणारा तो आकडा आहे.

नव्या मुलांना शिकवताना मी ताटाचं उदाहरण देते. बोटावरचा चिमटा वाढताना किती वाढलं ते बघतो, निर्स पंगतीतून परत आलेली ताटं बघतं. ताटात थोडं उरलेलं असेल तर जेवणाऱ्याचं पोट भरलं. ताट चाटूनपुसून आलं, तर वाढायला कमी पडलं किंवा जेवणाऱ्याची भूक वाढली, दोन्हीपैकी काहीतरी झालं. आणि ताट जसंच्या तसं भरलेलं परत आलं, तर जेवणारा झोपला असेल किंवा त्याहून वाईट काहीतरी झालं असेल. हे तिसरं लोक विसरतात. पुढे त्याच्याकडे येतेच.

थोडा हिशेब करू. निरोगी फुफ्फुस-हृदयाच्या बाळाच्या धमनीत सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचं शेकडा प्रमाण, ९८. मेंदूनं त्यातलं तीसेक खर्च केलं, शिरेत उरले ६८. पाऊण भाग ६८ आणि पाव भाग ९८ मिळून साडेपंचाहत्तरच्या जवळ येतं. अशा बाळाच्या कपाळावर ६० ते ८० दिसणं नेहमीचं. आता तुमच्या बाळासारखं निळसर बाळ घ्या. धमनीतच ७५. मेंदूची भूक तीच, म्हणून शिरेत ४५. हिशेब साडेबावन्नपर्यंत येतो. या बाळासाठी पन्नाशीतला आकडा रोजचाच आहे. तोच आकडा पहिल्या बाळाच्या कपाळावर दिसला तर मी खुर्चीतून उठेन.

म्हणूनच एकट्या आकड्याला मी फारशी किंमत देत नाही. दोन गोष्टी बघते. एक, या बाळाचा सुरुवातीचा आकडा काय होता, ज्याला आम्ही बेसलाइन म्हणतो. दोन, धमनीचं सॅच्युरेशन आणि पट्टीचा आकडा यांच्यातलं अंतर. हे अंतर वीस-तीसच्या आत आहे तोवर मेंदू खाऊनपिऊन सुखी. ते चाळीसकडे सरकू लागलं की मेंदू ओरबाडून घेतो आहे. बेसलाइन शांत बाळाची घ्यावी, असं पुस्तकं सांगतात. ज्यानं कुणी ते लिहिलं त्यानं उपाशीपोटी रडणाऱ्या चार महिन्यांच्या बाळाच्या कपाळाला काही चिकटवून बघावं! बहुतेक वेळा भूल दिल्यावर, जादा ऑक्सिजन देण्याआधीच्या किंवा त्याच सुमाराच्या मिनिटात मिळेल तो आकडा आम्ही बेसलाइन धरतो आणि तसं लिहून ठेवतो.

धोक्याची रेषा कुठे? प्रचलित पद्धत अशी, की बेसलाइनच्या एक पंचमांशापेक्षा जास्त घसरण झाली, किंवा आकडा पन्नाशीच्या खाली आणि विशेषतः ४५ च्या खाली राहू लागला, की हालचाल करायची. पिलांवर, म्हणजे डुकराच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांत आकडा चाळिशीच्या मध्यावर आल्यावर मेंदूत लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की पेशींत साठणारा पदार्थ) वाढायला लागतं, आणखी खाली गेल्यावर मेंदूच्या विद्युतलहरी बिघडतात आणि त्याच्याही खाली गेल्यावर पेशींचा ऊर्जासाठा घटतो, असा क्रम दिसला. पण वेळही तितकाच महत्त्वाचा. तीन मिनिटं ४० आणि तीन तास ४० यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आकडा पडला म्हणजे इजा झाली असं नाही. कुणीतरी उठून कारण शोधायची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि कारण शोधणं हेच खरं काम आहे. यंत्र फक्त ‘काहीतरी बिनसलंय’ म्हणतं, काय ते सांगत नाही. आकडा पडला की थिएटरातल्या लोकांची पहिली प्रतिक्रिया पट्टीच्या नावानं बोटं मोडायची असते: सुटली असेल, घाम आला असेल. एकदा मीही तसंच केलं असतं. पाच-सहा किलोचं बाळ, साधं दोन जवनिकांमधलं, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र, पंपावर घेऊन चार-पाच मिनिटं झालेली. परफ्युजनिस्ट, म्हणजे पंप चालवणारा तंत्रज्ञ, म्हणाला, सगळं छान आहे. पंपाचा प्रवाह पूर्ण, धमनीतला दाब चाळीसच्या वर, म्हणजे त्या वयाला पंपावर ठीकच. पंपाकडे परत येणाऱ्या रक्ताचं सॅच्युरेशन ७८, उत्तम. फक्त कपाळाचे दोन्ही आकडे ६८ वरून उतरत उतरत ४४ वर आले होते.

मी चादरीखाली डोकं घातलं. बाळाचा चेहरा जांभळट, पापण्या फुगलेल्या, टाळू ताठ. मानेच्या शिरेतला दाब वीसच्या वर. डोक्याकडचं रक्त खाली उतरतच नव्हतं. डोक्याचं आणि हातांचं रक्त ज्या मोठ्या शिरेतून हृदयाकडे येतं त्या ऊर्ध्व महाशिरेत घातलेली नळी थोडी जास्त आत गेली होती आणि तोंड भिंतीला टेकलं होतं. सर्जनला सांगितलं, त्यानं ती जेमतेम अर्धा सेंटीमीटर मागे घेतली. दोन मिनिटांत ६६.

पंपाचे सगळे आकडे चांगले का दिसत होते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पंपाकडे परत येणारं रक्त बहुतांश खालच्या अंगाचं होतं, आणि खालचं अंग मजेत होतं. उपाशी मेंदूचं रक्त तिथपर्यंत पोचतच नव्हतं, मग ते तक्रार करणार कशी? डोक्यात येणारा दाब ४२, बाहेर पडताना अडलेला दाब वीसच्या वर, म्हणजे मेंदूला ढकलणारा खरा दाब विशीत. ही चूक पूर्वीही होत असणार. तेव्हा चेहरा सुजलेला ऑपरेशन संपल्यावर चादर काढताना दिसायचा.

दुसरा प्रसंग माझ्याच हातचा. पंपाच्या आधी, श्वासनलिकेत नळी घातल्यावर मी हातानं श्वास देण्याचा फुगा दाबत होते, बोलता बोलता जरा भराभर. कपाळाचा आकडा ७२ वरून ५८. ऑक्सिजन भरपूर, दाब ठीक, रक्तस्राव नाही. रक्तवायूंची तपासणी आली तेव्हा कार्बन डायऑक्साइड २७, जो चाळीसच्या आसपास असायला हवा. कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूकडचा प्रवाह कमी होतो. श्वास सावकाश केले, आकडा परत आला. हात आवरायला मला कुठल्या पुस्तकापेक्षा त्या दिवसानं जास्त शिकवलं. याच गुणाचा आम्ही उलट उपयोगही करतो: बाळाला खोल थंड करताना मुद्दाम थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळतात, वाहिन्या रुंदावतात, मेंदू सारखा थंड होतो.

शोधायच्या बाकीच्या जागा भराभर सांगते. डोकं एका बाजूला जास्त वळलं आहे का. दाब. पंपाचा प्रवाह. धमनीचं सॅच्युरेशन. मग हिमोग्लोबिन, आणि तान्ह्यांमध्ये हे फार मोठं कारण असतं. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सगळं मिळून अडीचशे मिलिलिटरच्या आसपास रक्त. पंपाच्या नळ्या भरायला लागणारं द्रव कित्येकदा जवळजवळ तेवढंच. नुसतं सलाइन भरलं तर रक्त निम्मं पातळ होईल, म्हणून तिथे दात्याचं रक्त वापरतात. बोस्टनमधल्या एका चाचणीत पंपावर हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा शेकडा हिस्सा) २० च्या आसपास ठेवलेली आणि ३० च्या आसपास ठेवलेली अशी बाळं ताडून बघितली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पातळ रक्त ठेवलेली बाळं वर्षाच्या वयाला हालचालींच्या विकासात मागे होती. आज पंचविशीच्या खाली जाऊ द्यायला बहुतेकांची तयारी नसते. हे सगळं ठीक असेल तर शेवटी भूक वाढली आहे का ते बघायचं: भूल हलकी पडली का, बाळाला गरम करण्याचा वेग जास्त झाला का.

महाधमनीची कमान दुरुस्त करायची असते तेव्हा निर्सचं खरं मोल कळतं. कमान उघडायची तर तिच्यातून मेंदूला जाणारं रक्त चालू कसं ठेवणार? जुना मार्ग असा, की बाळाला १८ अंशांपर्यंत थंड करायचं आणि पंप पूर्ण बंद करायचा. थंड मेंदूची भूक अगदी थोडी असते, त्यावर वेळ निभावून न्यायची. बाळ थंड होत जातं तसा कपाळाचा आकडा नव्वदीपर्यंत चढतो, कारण जेवणारा झोपलेला आहे. मग सर्जन म्हणतो, पंप बंद. खोलीत एकाएकी शांतता होते, पंपाच्या घरघरीची इतकी सवय झालेली असते. आणि ती रेषा उतरायला लागते, हळूहळू, न थांबता. ८८, ८१, ७४. नर्स दर पाच मिनिटांनी वेळ मोठ्यानं सांगते. बोस्टनच्याच दुसऱ्या एका चाचणीतल्या मुलांचा आठव्या वर्षापर्यंत पाठपुरावा झाला, त्यात ४१ मिनिटांच्या पुढे परिणाम बिघडत गेलेले दिसले. म्हणून चाळीस मिनिटं हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे.

नवा मार्ग: उजवीकडच्या धमनीतून फक्त मेंदूला, किलोमागे मिनिटाला साधारण ३० ते ५० मिलिलिटर असा बेताचा प्रवाह चालू ठेवायचा. रक्त उजवीकडून शिरतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्यातून डावीकडे पोचतं, असं गृहीत धरलेलं असतं. काही बाळांमध्ये हे कडं अपुरं असतं. हे आधी कसं कळणार? कपाळाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या लावायचं हेच कारण. उजवी ८५ वर आणि डावी घसरत ६० वर आली, की प्रवाह वाढवायचा, नळीची जागा बघायची, नाहीतर बेत बदलायचा. हे दुसऱ्या कुठल्याही सोप्या साधनानं इतक्या लगेच कळत नाही.

कमरेच्या बाजूच्या पट्टीबद्दल कुणी फारसं विचारत नाही, पण माझा तिच्यावर जास्त लोभ आहे. बरगड्यांच्या खाली, मूत्रपिंडाच्या वर ती लावतात. मूत्रपिंडाला रक्त भरपूर मिळतं आणि त्यातला ऑक्सिजन ते थोडाच वापरतं, म्हणून स्वस्थ तान्ह्या बाळात हा आकडा कपाळापेक्षा पाच-दहा-पंधरांनी वर असतो. शरीरावर संकट आलं की ते आधी पोटातल्या अवयवांचं रक्त कापतं आणि मेंदूला जपतं. त्यामुळे कमरेचा आकडा कपाळाच्या खाली उतरला तर हृदय कमी पडतंय, हे रक्तदाब घसरण्याच्या बऱ्याच आधी कळू शकतं.

एकच जवनिका असलेल्या बाळांच्या पहिल्या ऑपरेशननंतरची रात्र आठवते. अशा बाळाचं सॅच्युरेशन ७५ ते ८५ असावं अशीच अपेक्षा असते, कारण हृदयाचा एकच कप्पा फुफ्फुस आणि शरीर दोघांना रक्त वाटून देतो. रात्री दोनच्या सुमारास आयसीयूतल्या नव्या डॉक्टरनं आनंदानं सांगितलं, बाळ गुलाबी झालंय, सॅच्युरेशन ९२! कमरेचा आकडा मात्र ७० वरून ४८ झाला होता. रक्त फुफ्फुसाकडे वाहून जात होतं आणि शरीर उपाशी पडत होतं. तासाभरानं लॅक्टेट वाढलेलं आलं. बोटावरचा चांगला आकडा कधी वाईट असतो, हे त्या मुलाला एका रात्रीत कळलं. आम्ही ऑक्सिजन कमी केला, श्वास मंद केले, दोन्ही आकडे आपापल्या जागी आले.

आता हे यंत्र कुठे फसतं ते. ते कपाळामागचा मेंदूचा एक तुकडा बघतं, दोन-एक सेंटीमीटर खोलीपर्यंत. मागचा मेंदू, खोल भाग, मेंदूचा देठ यांच्याबद्दल ते काही बोलत नाही. एखादा बारीक बुडबुडा किंवा गुठळी दुसऱ्या भागात जाऊन अडकली तर कपाळाची रेषा ढिम्म हलणार नाही. गडद त्वचा, खूप वाढलेली कावीळ, कातडीखाली साकळलेलं रक्त, सूज, पट्टीखाली आलेले केस, यांनी आकडा बिघडू शकतो. मिथिलीन ब्लूसारखं निळं औषध दिलं की आकडा कोसळतो आणि बाळाला काहीही झालेलं नसतं. एका कंपनीच्या यंत्राचे आकडे दुसरीच्या यंत्राशी ताडून बघू नयेत, प्रत्येकाचं गणित वेगळं आहे. आणि भरलेल्या ताटाची गोष्ट: ज्या मेंदूनं ऑक्सिजन वापरणंच सोडलं त्याचाही आकडा उत्तम दिसतो. थंड नसलेल्या बाळात ९५ दिसला तर मी खूश होत नाही, मी बाळाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघते.

मग याचा उपयोग सिद्ध झालाय का? प्रामाणिक उत्तर: तुम्हाला वाटतं तितका नाही. ज्या बाळांचे आकडे दीर्घकाळ खाली राहिले त्यांच्या मेंदूत नंतरच्या एमआरआयमध्ये जास्त इजा दिसल्या, असे अभ्यास आहेत. पण आकडा बघून उपचार केल्यानं मुलं पुढे जास्त हुशार, जास्त चपळ निघतात, हे मोठ्या चाचणीनं पक्कं झालेलं नाही. फार लवकर जन्मलेल्या बाळांवर १७ देशांत १६०१ बाळांची एक मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या तीन दिवसांत निर्स बघून उपचार केलेल्या गटात मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा कमी झाली नाही. ती बाळं वेगळी, आजार वेगळा, हे खरं. पण तो निकाल मी विसरत नाही. महाशिरेतली नळी सरकल्याचं मला कळलं, त्या बाळाचा फायदा झाला याबद्दल मला शंका नाही. अशी बाळं शेकड्यात थोडी असतात आणि चाचण्यांच्या सरासरीत ती हरवतात, असं माझं मत. मत आहे, पुरावा नव्हे.

म्हणून चौथ्या प्रश्नाला: यंत्र नाही म्हणून ऑपरेशन नाकारू नका. चांगल्या हातांनी या यंत्राविना हजारो मुलं बरी केली आहेत. मानेच्या शिरेतला दाब बघणारा, दर अर्ध्या तासानं रक्तवायू आणि लॅक्टेट तपासणारा, चादरीखाली डोकं घालून चेहरा बघणारा माणूस तिथे आहे का, हे जास्त महत्त्वाचं. आकडा पडल्यावर ‘पट्टी सुटली असेल’ म्हणून आवाज बंद करणाऱ्यांच्या खोलीत सगळ्यात महागडं यंत्रही शोभेचंच. तुम्हाला विचारायचंच असेल तर यंत्र कोणतं हे विचारू नका. तिथे तुमच्या बाळाच्या आजाराची ऑपरेशन्स किती होतात आणि रात्री आयसीयूत कोण असतं, ते विचारा.

एक गोष्ट पालकांना बहुधा कुणी सांगत नाही. हृदयाचा मोठा दोष घेऊन जन्मलेल्या काही बाळांचा मेंदू जन्माच्या वेळीच महिनाभर मागे असतो, कारण पोटात असतानाच त्याला ऑक्सिजन कमी मिळालेला असतो. म्हणजे पुढे बोलायला, चालायला उशीर झाला तर तो ऑपरेशनच्या त्या चार तासांतच झाला असं मानून स्वतःला किंवा कुणाला दोष देऊ नका. निर्सचे कागद मागून घेऊन त्यात उत्तर शोधत बसू नका, तिथे ते मिळणार नाही. त्याऐवजी सहा महिने, वर्ष, दोन वर्षं, शाळेत जाण्याआधी अशी विकासाची तपासणी करून घ्या, सगळं ठीक दिसत असलं तरी. थोडा उशीर लवकर सापडला की फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीनं तो बराच भरून काढता येतो.

आयसीयूत बाळाला पहिल्यांदा बघाल तेव्हा पट्ट्या अजून कपाळावर असतील, साधारण पहिले एक-दोन दिवस. त्यांची तार मॉनिटरला जोडलेली असते. हात लावायला हरकत नाही, ओढू नका. पट्टीजवळचा आकडा सारखा दोन-तीननं वरखाली होत असतो, त्याच्याकडे टक लावून बसू नका, ते काम नर्सचं आहे. पट्ट्या काढल्यावर दोन लालसर चौकोन दिसतील, क्वचित कडेला थोडी कातडी निघालेली. बहुतेक वेळा ते दोन-तीन दिवसांत जातात. फोड आला असेल किंवा ओल दिसली तर मात्र नर्सला लगेच दाखवा.